आप्पासाहेबांच्या डोक्यातला आवाज

वाचकहो, तुम्ही शेवटचे आभार कुणाचे मानलेत, आणि ते मानताना तुमची कंबर सरळ होती की वाकलेली?

उत्तराची घाई नाही. मलाही ते सापडायला वेळ लागला, आणि सापडलं ते कुठल्या सभेत नाही, एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या पगडीखाली.

मी पगडबंद. शिंद्यांच्या राजधानीत, लष्कर शहरात, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत नानामामांचं दुकान होतं, तिथं मी हा धंदा शिकलो. वडील गेल्यावर आईनं मला तिच्या भावाच्या हवाली केलं. जेवण मामा घालत आणि अक्कल पत्रकं देत. ज्या वयात इतर मुलं पतंगाच्या मांज्यावर भांडत, त्या वयात मी रयतेच्या हक्कांची पत्रकं वाचून रस्त्यातल्या बैलांना जागं करत होतो. डोक्यावर खादीची टोपी आणि हातात दरबारी पगडी, असा माझा संसार. या पगडीला मी 'गुलामीचं झाकण' म्हणत असे. मामा म्हणत, "झाकण तर झाकण, पण घट्ट बसू दे."

ज्यांना धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पगडी फेट्यासारखी रोज बांधत नाहीत. एकदाच बांधायची, मग टोपीसारखी घालायची नि काढायची. चंदेरीचं तलम, अरुंद, लांबच लांब कापड खळीत भिजवायचं, पीळ देऊन दोरीसारखं करायचं आणि लाकडी डोक्यावर पेचाला पेच लावत बसवायचं. त्या लाकडी डोक्याला कलबूत म्हणतात. पीळ द्यायला दोन हात पुरत नाहीत, म्हणून कापडाचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं. अंगठा ढिला पडला की सगळी पगडी शेवयांसारखी मांडीवर. शेवटी आतून अस्तर, आणि अस्तर नि पेच यांच्यामध्ये कागदाचे थर. कागद घाम पितो आणि आकार धरतो. शिंदेशाही पगडी होडीसारखी दिसते, पण ती तरते त्या आतल्या कागदावर. हे गिऱ्हाइकाला कधी सांगायचं नसतं.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. माणसाचं डोकं मोठेपणी वाढत नाही, पण बढती मिळाली की वाढतं. "नाना, जुनी तंग होते हो," म्हणत साहेब यायचे. मामा तेच माप धरत, वरून एक पेच वाढवत आणि सांगत, "आता बसेल." बसायची. एका कारकुनाला टक्कल पडलं होतं आणि ते त्यानं राज्याच्या गुपितासारखं जपलं होतं. जुनी पगडी काढायलाच तयार नाही. मामा म्हणाले, "मी डोळे मिटतो, तुम्ही पगडी काढा." आणि खरंच डोळे मिटून त्यांनी माप घेतलं. मी डोळे उघडेच ठेवले होते.

पण माप घेताना मोठ्यात मोठ्या माणसालाही आमच्यापुढे मान खाली घालावी लागे. धंद्यातला तेवढाच एक क्षण मला क्रांतिकारक वाटे. मी फीत मुद्दाम सावकाश फिरवी.

आता मामांची एक खोड. रोज दुकान बंद करताना ते आभार मानत. कात्रीचे, सुईचे, कलबुताचे, आणि तासभर घासाघीस करून हात हलवत गेलेल्या गिऱ्हाइकाचेसुद्धा. "बिचारा बसला, गप्पा झाल्या." माझं रक्त उसळे. मामी आणि त्यांची एकुलती एक मुलगी सुमन, दोघी एकाच तापात गेल्या होत्या. घरात दोन पाट रिकामे. आणि हा माणूस कात्रीचे आभार मानतो!

"मामा," मी एकदा भाषणच ठोकलं, "संतोष ही अफू आहे. असंतुष्ट रयतच हक्क मागते. तुमच्यासारख्यांमुळे हे सगळं टिकून आहे."

"माझ्यामुळे?" मामा खूश झाले. "अरे वा. मला वाटायचं मी फक्त पगड्या बांधतो."

अशा माणसाशी वाद कसा घालायचा, ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मग ऐन पावसाळ्यात मामांचा उजवा हात गेला. सकाळी उठले तर तोंड थोडं वाकडं आणि हात शेजाऱ्याचा असावा तसा अंगावर पडलेला. तोंड सुधारलं. हात नाही. पगडबंदाचा उजवा हात म्हणजे पीळ देणारा हात. लोक भेटायला आले, चुकचुकले, केळी ठेवून गेले. "आता दुकान सदाच बघेल," असं सगळे माझ्याकडे पाहून म्हणाले. त्या रात्रीपासून मामांचे आभार बंद झाले. मला वाटलं होतं, ते बंद झाले की मला बरं वाटेल. दुकानात कात्री नुसती टाकल्याचा आवाज इतका वाईट असतो हे मला ठाऊक नव्हतं.

दसऱ्याच्या दरबाराची कामं आली. पगड्या मी बांधत होतो, मामा खाटेवरून "ढिला, ढिला" ओरडत होते. त्यांत एक पगडी आप्पासाहेबांची होती. आप्पासाहेब म्हणजे मुलकी खात्यातले जुने अंमलदार. कान गेले तसं कामही गेलं, लोकांनी घरी येणंही सोडलं. त्या वर्षी का कोण जाणे, दरबाराचं बोलावणं आलं. कंपू भागातल्या घरून स्वतः येऊन ते दुकानात ओरडून सांगून गेले, "नाना! अस्तर तुमच्या हातचं हवं! या पोराच्या नाही!"

मामांनी डाव्या हातानं ते अस्तर केलं. मी बाहेर गेलो असताना, कुणाची मदत न घेता, कलबूत गुडघ्यांत दाबून, दोरा दातांत धरून. मी परतलो तर पगडी घेऊन आप्पासाहेबांचा माणूस गेलाही होता आणि मामा लहान मुलासारखे हसत होते. "सदा, डावा चालतो रे!" त्या संध्याकाळी कात्रीचे आभार पुन्हा सुरू झाले. मीही, कुणाला न दिसेल असा, थोडा हसलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि मग दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. मामांनी कात्री, सुया, कलबुतं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून तोही पाटावर ठेवला आणि त्यालाही कुंकू लावलं.

"हे काय?"

"जुना नोकर आहे. निवृत्त झाला म्हणून पूजेला बसवायचं नाही की काय?" मग डाव्या हाताकडे बघून म्हणाले, "हा उमेदवार, अजून शिकतोय. याला पुढच्या वर्षी."

सांडलेलं कुंकू पुसायला मी चिंध्यांच्या पोत्यात हात घातला आणि गार पडलो. पोत्याच्या तळाशी मी पत्रकांचा गठ्ठा लपवला होता. दसऱ्याच्या गर्दीत वाटायची होती. मजकूर माझाच होता. 'मुजरे पुरे, हक्क द्या. रयतेने आता ताठ उभे राहावे!' असली पत्रकं बाळगणाऱ्याला त्या दिवसांत पोलीस घरी चहाला बोलावत नसत. गठ्ठा पातळ झाला होता.

"मामा, इथला कागद?"

"फार उत्तम कागद आणलास रे! लढाईमुळे कागद मिळत नाही, आणि तू माझ्यासाठी एवढा जाड, कोरा..."

"कोरा नव्हता तो!"

"मागून कोराच होता." मामांना छापील अक्षराला चष्मा लागे, आणि चष्मा ते फक्त गिऱ्हाइकाचं डोकं बघायला लावत. "काल तो हाताला लागला तेव्हाच मी तुझेही आभार मानले. तू नव्हतास."

मी त्यांना मजकूर वाचून दाखवला. मामा म्हणाले, "म्हणजे हे आप्पासाहेबांच्या डोक्यावर बसून उद्या दरबारात जाणार?"

खरं सांगतो, क्षणभर मला अभिमान वाटला. माझं लिखाण इतक्या वर पोचलं नव्हतं. पण दरबारात पगडी घसरली, अस्तर उसवलं, तर पकडणार कुणाला? अस्तर कुणाच्या हातचं, हे आप्पासाहेब साऱ्या बाजाराला ओरडून सांगत सुटले होते. मी टोपी चढवली. मामाही उठले. मी टांगा केला.

"जल्दी चलो भैया, जल्दी!"

"बाबूजी, घोड़ा है, टेलीग्राम नहीं," टांगेवाला म्हणाला.

वाटेत माझा तोल गेला. "मामी गेली, सुमन गेली, हात गेला. आता तुरुंगाची पाळी. सांगा, आज कुणाचे आभार मानणार?"

मामा घोड्याच्या कानांकडे बघत म्हणाले, "त्या दोघी गेल्या ना, तेव्हा वर्षभर मी कुणाचेच मानले नाहीत. देवाचेही नाहीत. त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या पगड्या सैल. लोक कानांवर धरून चालायचे. शेवटी एक जण म्हणाला, नाना, तुमचा अंगठा कुठं असतो हल्ली? बघतो तर खरंच, टोक धरतच नव्हतो मी. मग ठरवलं, रोज एक टोक धरायचं. छोटंसं. कात्री म्हण, गिऱ्हाईक म्हण. दुःख संपत नाही रे त्यानं. पण पीळ बसतो."

"आणि कालपर्यंत? हात गेल्यावर?"

"तेव्हा सुटलं होतं टोक. काल तुझ्या कागदानं धरून दिलं." मग टांगेवाल्याला म्हणाले, "भैया, घोड़ा अच्छा है तुम्हारा."

आप्पासाहेब ओसरीवर पगडी घालूनच बसले होते. सवय व्हावी म्हणून, असं त्यांच्या पत्नी अक्कासाहेबांनी सांगितलं. "काल आल्यापासून डोक्यावर आहे. जेवताना आहे. झोपताना कशीबशी काढली. आणि नाना, यांच्या डोक्यात काहीतरी वाजतंय."

"वाजतंय!" आप्पासाहेब आनंदानं ओरडले. बायकोचे ओठ हलताना बघूनच ते समजले असावेत. "नाना! मला ऐकू येतंय!" त्यांनी सुपारी चघळली, मान डावीउजवीकडे केली. आम्हालाही ऐकू आलं. कुर्र, कुर्र. माझं पत्रक!

"कानानं नाही, हाडानं ऐकतायत," मामा मला हळूच म्हणाले.

"इतक्या वर्षांनी!" आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "डोक्यात नुसती विहीर होती हो नाना. आता कुणीतरी आहे आत."

मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. पगडी काढून घेणं ही आता चोरी होती. ठेवून देणं हा तुरुंग होता.

मामांनी अक्कासाहेबांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, आता आरडाओरड होणार. त्या म्हणाल्या, "म्हणजे आतला कागद बदलायचा, पण आवाज ठेवायचा. इतकंच ना?"

इतकंच! आप्पासाहेबांना पगडी काढायला लावणं हेच अर्ध्या तासाचं काम होतं. "एक पेच ढिला आहे," असं मामांनी खुणेनं सांगितलं, तेव्हा कुठं ते वाकले. मी अस्तर उचकटून कागद बाहेर काढले. अक्कासाहेबांनी एक घेऊन वाचला. "रयतेने आता ताठ उभे राहावे," त्या म्हणाल्या. "चांगलं लिहिलंय. यांना मी लग्न झाल्यापासून हेच सांगतेय. पाठीला पोक आलंय नुसतं." आणि बाकीचा गठ्ठा उचलून त्यांनी बंबात घातला. माझ्या क्रांतीवर आप्पासाहेबांच्या आंघोळीचं पाणी तापलं. एक कागद मात्र त्यांनी कनवटीला लावलेला मी पाहिला.

आता वाजणारा कागद कुठून आणायचा? वर्तमानपत्र घालून बघितलं. आप्पासाहेबांनी सुपारी चघळली आणि त्यांचा चेहरा उतरला. "गेलं," ते म्हणाले. जुन्या लग्नपत्रिका घातल्या. "नाही." पतंगाचा कागद एकदा वाजला आणि फाटला. आप्पासाहेब आता ओरडतही नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून ते नुसते बसले होते, आणि मला दुकानात टाकलेल्या कात्रीचा तो आवाज आठवला.

तेवढ्यात मामा म्हणाले, "अक्कासाहेब, पत्रावळी आहेत का?"

नवरात्राच्या पारण्यासाठी आणलेला गठ्ठा फडताळात होता. पळसाची वाळलेली पानं. मामांनी एक पान कानाशी चुरडून बघितलं आणि आनंदानं माझ्याकडे पाहिलं.

"पण शिवणार कशानं?" मी म्हणालो. "अक्कासाहेब, जरा सुई..."

"आज खंडेनवमी!" मामा गरजले. "सुई पूजेला बसलीय."

"मामा, तुरुंग दाराशी आहे!"

"असू दे. तिला वर्षातून एक सुट्टी असते." मग त्यांनी पत्रावळीतली काडी उपसली, पानं एकमेकांना टाचलेली असतात ती. "ही आहे की. हत्यार नव्हे हे, काडी आहे."

त्या डाव्या हातानं, काडी दातांत धरून, मामांनी पळसाची पानं अस्तराला टाचली. मी फक्त कडा धरल्या होत्या. हात थरथरे, काडी मोडे, मामा काडीला "असू दे, असू दे" म्हणत आणि दुसरी घेत. माझ्या आयुष्यात मी इतकी वेडीवाकडी टाचणी पाहिली नाही आणि इतकं सुंदर कामही पाहिलं नाही. पगडी आप्पासाहेबांच्या डोक्यावर चढली. त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

कुर्र.

"आहे!" आप्पासाहेब ओरडले. "पहिल्याहून खणखणीत!"

दसऱ्याला सरदार-दरकदारांच्या पंगतीत एक माणूस डोक्यावर पत्रावळ घेऊन जाऊन आला आणि कुणाला पत्ता लागला नाही.

संध्याकाळी आप्पासाहेब सोनं द्यायला थेट दुकानात आले. मी घाबरून मुजऱ्याचं विचारलं, खुणेनंच. वाकताना पगडी घसरली नाही ना?

"तीच तर गंमत!" ते म्हणाले. "वाकलं की पगडी पुढे येते आणि आवाज बंद होतो! डोक्यात पुन्हा विहीर. म्हणून मी वाकलोच नाही फारसा. जेवढं वाकल्याशिवाय सुटका नव्हती तेवढाच वाकलो आणि पुन्हा ताठ. मागच्या रांगेत उभं केलं होतं, कुणी बोललं नाही, पण मी आपला ताठ उभा, सुपारी चघळत, ऐकत. नाना, फार बरं वाटलं." आणि तसेच, पाठ सरळ ठेवून, मामांच्या डोळ्यांत बघत ते म्हणाले, "तुमचे आभार."

मामांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून त्यांच्या हातात दिला. "याचेही माना. इतकी वर्षं यानंच बांधलीय तुमची."

आप्पासाहेब गेल्यावर मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. माझ्या पत्रकांनी लष्करातला एकही माणूस ताठ उभा केला नव्हता. पळसाच्या चार पानांनी केला. मी चिडायला हवं होतं. मला हसू आवरेना.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"काही नाही. संतोषाला अफू म्हणालो होतो, ते आठवलं."

"अरे, अफूही असते त्यात," मामा म्हणाले. "वाकून आभार मानलेस तर. तू तुझी पत्रकं लिही. हक्क मागायचेच. पण रोज एक टोक धर, नाहीतर तुझं लिखाण माझ्या त्या वर्षीच्या पगड्यांसारखं होईल. सैल."

मामा पुढे दोन पावसाळे होते. डावा हात शेवटपर्यंत उमेदवारच राहिला, पण मेहनती. आता पगडीचे दिवस सरले. आमच्या कलबुतांवर हल्ली खादीच्या टोप्या वाळतात, आणि ज्यानं पगडीला झाकण म्हटलं त्या मलाच त्याचं वाईट वाटतं. दुसरं वाईट याचं वाटतं की मामांचे आभार मी त्यांच्या तोंडावर कधी मानले नाहीत. तत्त्वात बसत नव्हतं. आता रोज दुकान बंद करताना कात्रीचे मानतो. ती त्यांची आहे. अंगठ्यात टोक धरून पत्रकंही लिहितो, आणि लोक म्हणतात की पूर्वीपेक्षा घट्ट असतात.

तेव्हा वाचकहो, एकच विनंती. हा अंक खाली ठेवलात की उठा, आणि घरात किंवा गल्लीत एका माणसाचे आभार माना. दिवस वाईट असतील तर आजच माना. हात जोडू नका, मान खाली घालू नका, उभे राहा आणि त्याच्या डोळ्यांत बघा. मध्येच कंबर वाकली, तर तो मुजरा झाला, तो धरायचा नाही. सरळ व्हा आणि पहिल्यापासून पुन्हा माना.